सातव्या माणसाची दुर्बीण

आर्वीच्या रायफल क्लबात सहा मेंबर होते तोवर क्लब सुरळीत चालला होता. मग पुंडलिकराव निस्ताने सातवे मेंबर झाले आणि गणित बिघडलं. यात त्यांचा दोष एवढाच, की ते एकटे आले.

पन्नास यार्डांवर टांगलेल्या कार्डावर गोळी कुठे बसली हे नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. म्हणून नेम धरणाऱ्याच्या शेजारी दुसरा एक माणूस पालथा पडून क्लबाच्या दुर्बिणीतून बघतो आणि ‘थोडी वर’, ‘थोडी डावीकडे’ असं सांगतो. या माणसाला क्लबात ‘सांग्या’ म्हणत. सेक्रेटरी वासुदेवराव वकील यांचे सांग्या डॉक्टर, आणि डॉक्टरांचे सांग्या वकील. हेडमास्तर पोस्टमास्तरांना सांगत आणि पोस्टमास्तर हेडमास्तरांना. जिनिंगवाले दोघे भाऊ घरी एकमेकांशी चार वर्षं बोलत नव्हते, पण रविवारी सकाळी ‘वर, खाली’ एवढं बोलत, आणि त्यावर त्यांचा एकत्र धंदा चालत होता. अशा तीन जोड्या. क्लबाचा कपबशांचा संचदेखील सहाचा. पुंडलिकरावांना चहा पितळी पेल्यात मिळे. पेल्यात चहा जास्त मावतो हे खरं, पण तो हातात धरवत नाही, त्यामुळे इतरांचा चहा आणि गप्पा संपेपर्यंत पुंडलिकराव पेल्याकडे बघत बसलेले असत.

“आठवा मेंबर येऊ द्या, मग तुमची जोडी लागलीच समजा,” वकील म्हणाले होते. त्याला दीड वर्ष झालं. या दीड वर्षात पुंडलिकरावांनी सहा जणांच्या रायफलींच्या नळ्या साफ केल्या, रिकामी काडतुसं वेचली, आणि एकदा श्रावणात कार्डांवर छत्री धरून उभे राहिले. गोळी मात्र एकही झाडली नाही.

मग छप्पन सालच्या पावसाळ्यात, दुसरं काही वाचायला नव्हतं म्हणून, त्यांनी क्लबाची नियमावली वाचली. कलम नववं: ‘ज्या नेमबाजाच्या रायफलीवर स्वतःची दुर्बीण बसविलेली असेल, त्यास सांग्याची आवश्यकता नाही.’

त्यांनी ते कलम तीनदा वाचलं. सरकारी खात्यात नोकरी करणाऱ्या माणसाशी एखादा नियम इतक्या आपुलकीने बोललेला त्यांनी पहिल्यांदाच पाहिला. सव्वीस जानेवारीला वर्ध्याचे नेमबाज आर्वीला सामन्याला येणार होते. दुर्बीण मिळाली तर पुंडलिकराव त्यात उतरू शकत होते, कोणाच्याही पाया न पडता. त्यांनी ठरवलं, दुर्बीण घ्यायची. माणूस मिळत नसेल तर निदान वस्तू तरी मिळावी.

मुंबईच्या एका कंपनीचं सूचीपत्र त्यांनी मागवलं. त्यात विलायती दुर्बिणी होत्या, चित्रांसकट. सर्वांत स्वस्त दुर्बिणीच्या किमतीत पुंडलिकराव तीन महिने उपाशी राहू शकले असते, किंबहुना राहावंच लागलं असतं. सूचीपत्र घेऊन ते अंगणात आले, ही त्यांची पहिली चूक. अंगणात शेजारचे लक्ष्मणराव बसले होते. पुलगावच्या छोट्या गाडीवर एकतीस वर्षं गार्ड म्हणून काढल्यामुळे लक्ष्मणराव कोणत्याही गोष्टीला शिट्टी मारल्याशिवाय पुढे जाऊ देत नसत.

“काऊन हो पुंडलिकराव, वाघ मारून राह्यले काय?”

“नाही हो. कागद.”

“कागद माराले बंदूक कायले लागते? आमच्या ऑफिसात हातानं फाडत.” मग सूचीपत्र उलटंपालटं करून म्हणाले, “इतल्या पैशात तं दोन म्हशी येतात. म्हैस घ्या. म्हशीले बी दिसते.”

घरमालकीण अनुसयाबाई दळण निवडत होत्या. त्या म्हणाल्या, “म्हैस नाई, बायको करा म्हणा त्याईले. दुर्बीण कायले पाह्यजे? जवळचं दिसत नाई अन् दूरचं पाहाले निघाले!”

“अन् एक सांगतो,” लक्ष्मणराव आवाज उतरवून म्हणाले, “हा वर्धा जिल्हा हाय. अहिंसेचा जिल्हा. आपल्या जिल्ह्यात बंदूक चालवाची असन तं निदान खादीची पिशवी तरी शिवा तिले.”

पुंडलिकरावांनी पिशवी शिवली. सल्ला बिनपैशाचा असला की तो नाकारायची त्यांच्यात हिंमत नसे.

दुर्बीण शेवटी पुलगावला मिळाली. लढाई संपल्यावर मोडीत निघालेला लष्करी माल विकणारा ताराचंद नावाचा एक व्यापारी तिथे होता. त्याच्या दुकानात पाण्याच्या बाटल्या, डाव्या पायाचे बूट, ब्लँकेटं आणि नेमका उपयोग ब्रह्मदेवालाही सांगता न येणारी बरीच पितळी भांडी होती. त्यातून त्याने हातभर लांबीची एक पितळी नळी काढली. आत काचा होत्या, काचेवर बारीक फुली होती.

“असली चीज है साहब. देख लो, फिर बोलो.”

पुंडलिकरावांनी नळी डोळ्याला लावून रस्त्यावर पाहिलं. समोरून टांगा चालला होता. चाकाचे आरे मोजता येत होते. घोड्याच्या कानातले केस दिसत होते. “एकदम स्वच्छ,” ते म्हणाले, आणि भाव न करता नळी घेतली. भाव त्यांनी करायला हवा होता. कारण टांगा उलटा होता. चाकं आकाशात होती आणि घोडा पाय वर करून ढगांवरून चालला होता.

आता एखाद्या माणसाला उलटा घोडा दिसतो आणि खटकत नाही, हे कसं, असं कोणीही विचारेल. त्यासाठी पुंडलिकरावांची नोकरी सांगावी लागते. ते रस्त्यांच्या खात्यात सर्व्हेअर होते. आर्वी ते कारंजा रस्त्याचे चढउतार मोजायचे, तिपाईवर यंत्र लावायचं, त्याच्या नळीतून लांबवर उभ्या धरलेल्या पट्टीवरचे आकडे वाचायचे, हे त्यांचं काम. आणि त्या यंत्राच्या नळीतून जग उलटं दिसतं. तशीच ती बनवलेली असते. पहिले आठ दिवस माणसाला मळमळतं, मग सवय होते. पुंडलिकरावांना चौदा वर्षांची सवय होती. नळीला डोळा लावला की त्यांच्या मते आकाश खालीच असे.

ताराचंदने विकली ती नळी रायफलीची नव्हतीच. ती अशाच एखाद्या मोजणीच्या यंत्राची होती. सगळ्या आर्वी तहसिलीत हे ज्याच्या लगेच ध्यानात यायला हवं होतं तो एकच माणूस, आणि नेमका तोच ती घेऊन घरी आला.

घरी अनुसयाबाईंनी नळीला डोळा लावला आणि भिंतीचा आधार घेतला.

“अवं माय! माही तुळस उलटी झाली! लक्ष्मणभाऊ, धावा!”

लक्ष्मणरावांनी पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग गार्डाच्या गांभीर्याने म्हणाले, “पुंडलिकराव, तुमाले फसवलं. उलटी हाय ही. नळी फिरवून पाहा.”

नळी फिरवली. तरी उलटीच. लक्ष्मणरावांनी मग स्वतःच वाकून, डोकं गुडघ्यांत घालून, पायांमधून पाहिलं आणि “हां, आता बराबर दिसते,” असं म्हणून ते त्याच स्थितीत अडकले. त्यांना सरळ करायला पुंडलिकराव आणि अनुसयाबाई दोघांची ताकद लागली. त्यानंतर तीन महिने पाठदुखीचं खापर लक्ष्मणराव भारतीय सैन्याच्या जुन्या मालावर फोडत होते.

पुंडलिकराव त्या संध्याकाळी खाटेवर नळी मांडीवर घेऊन बसले. पुलगावला परत जायचं म्हणजे ताराचंदला सांगायचं, की मी चौदा वर्षांचा अनुभवी सर्व्हेअर, मला वरखाली कळलं नाही. ते शक्य नव्हतं. मग त्यांना सुचलं: कार्ड गोल असतं. गोल उलटं केलं तरी गोलच राहतं. या एका विचारावर ते इतके खूश झाले, की तो कोणाला तरी सांगावा म्हणून उठून दारापर्यंत आले. अंगणात कोणी नव्हतं. ते परत जाऊन बसले.

पुढचा प्रश्न नळी बसवण्याचा. पुनाजी लोहाराने बैलगाडीच्या चाकाच्या लोखंडी धावेच्या तुकड्यातून दोन कड्या ठोकल्या आणि आत सायकलच्या ट्यूबचं रबर घातलं. “गाडी मोडन, पन कडी नाई मोडनार,” तो म्हणाला. क्लबाने पुंडलिकरावांना दिलेली दोन नंबरची रायफल मुळातच जरा वाकडी होती. तिच्यावर हातभर पितळ आणि शेरभर लोखंड चढल्यावर ती शस्त्रापेक्षा पाण्याच्या पंपासारखी दिसू लागली.

ते पाहून वकील म्हणाले, “परवानगी?”

“कसली?”

“दुर्बीण हा हत्याराचा भाग आहे की नाही, हे लेखी आणा.”

कचेरीत हत्यारांच्या परवान्यांचं टेबल रूपरावांकडे होतं. रूपरावांनी नळी फुंकून पाहिली, वाजली नाही. “यानं मानूस मरते काय?”

“डोक्यात घातली तर मरेल.”

“तं मंग हत्यार.” पुंडलिकरावांचा चेहरा पाहून त्यांना दया आली. “थांबा. वरून विचारून घेऊ.” आणि अर्ज नागपूरला गेला. अर्ज गेला तेव्हा नागपूर ही आमच्या प्रांताची राजधानी होती. अर्ज तिथे पोचून आपला नंबर लावून बसला असेल नसेल, तोच एक नोव्हेंबर उजाडला, प्रांत बदलला आणि राजधानी मुंबईला गेली. एका माणसाला दुर्बीण मिळू नये म्हणून अख्खं राज्य हलवल्याचं हे इतिहासातलं पहिलंच उदाहरण असावं. “तुमचा अर्ज आता मुंबईले गेला असन,” रूपराव म्हणाले, “नाई तं तिथंच राह्यला असन. दोन्ही होऊ शकते.” शेवटी त्यांनी स्वतःच्या जबाबदारीवर लिहून दिलं: ‘सदर वस्तू उत्तर येईपर्यंत हत्यार नाही.’

राहता राहिलं नेम जुळवणं. नळीतली फुली जिथे, गोळी तिथे, असं होईपर्यंत कड्या घट्टसैल करायच्या. त्यासाठी गोळी कुठे लागली ते कार्डाजवळून दाखवणारा माणूस लागतो. म्हणजे माणूस लागू नये म्हणून आणलेली वस्तू चालू करायलाच माणूस लागत होता. पुंडलिकरावांनी मनात सगळी आर्वी चाळली. लक्ष्मणराव झोपून होते. तेव्हा ते जंगलूला म्हणाले, “रविवारी येशील?”

“येतो, सायेब.”

त्या आठवड्यातलं त्यांचं हे सर्वांत लांब संभाषण. जंगलू त्यांच्या हाताखाली पट्टी धरणारा गडी. जवळच्याच टोल्यावरचा, म्हणजे वस्तीवरचा, गोंड, घरी आपली बोली बोलणारा. अकरा वर्षं दोघे एका कामावर होते, पण कामच असं, की दोघांमध्ये नेहमी शंभर-दीडशे पावलांचं अंतर. तो पट्टी धरून तिकडे, हे नळीला डोळा लावून इकडे. बोलायचं ते हातांनी, आणि तेही एकाच बाजूने: पुंडलिकरावांनी हात बाजूला हलवला की ‘तिकडे सरक’, एक हात वर म्हणजे ‘थांब’, दोन्ही वर म्हणजे ‘झालं, पुढे चल’. जंगलूने कधी हात केला नाही. पट्टी धरणाऱ्याने हात करायचा नसतो, त्याने पट्टी धरायची असते. अकरा वर्षं पुंडलिकरावांनी जंगलूला रोज पाहिलं, आणि बहुतेक वेळा उलटं पाहिलं.

रविवारी जंगलू बांधाच्या आड बसला. गोळी सुटली की बाहेर येऊन छिद्रावर बोट ठेवी. एक शब्द न बोलता तीन रविवारांत नेम जुळला. आणि आश्चर्य म्हणजे पुंडलिकराव चांगले नेमबाज निघाले. उलट्या जगात त्यांचा हात अजिबात थरथरत नसे. दहापैकी आठ गोळ्या काळ्या वर्तुळात. “जमलं,” ते म्हणाले. पण तेव्हा जंगलू पन्नास यार्डांवर होता.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं, वर्ध्याचे पाहुणे आले, त्यांना कपात चहा दिला म्हणून आर्वीच्या सहांनाही त्या दिवशी पेले मिळाले. पुंडलिकरावांना बरं वाटलं. मग ते खादीच्या पिशवीतून रायफल काढून आपल्या चटईवर पालथे झाले, तोच वकील आले.

“पाहू जरा.” त्यांनी नळीला डोळा लावला आणि झटक्यात मागे सरकले. “हे उलटं दिसतं!”

“कार्ड गोल आहे,” पुंडलिकराव म्हणाले. इतके दिवस जपून ठेवलेला विचार अखेर कोणाला तरी सांगायला मिळाला.

“कलम नऊमध्ये दुर्बीण म्हटलं आहे. दुर्बीण म्हणजे सरळ दुर्बीण. उद्या कोणी आरसा बांधून येईल. काढा ती.” निघायला पुनाजीच्या कड्या तयार नव्हत्या, हेडमास्तर आणि पोस्टमास्तर दोघांनी ओढून काढल्या. “आता नियमाप्रमाणे सांग्या लागेल. आहे का कोणी?”

पुंडलिकरावांनी मान वर केली. मैदानात दीडशे माणूस होतं. शाळेची पोरं, बाजारातले लोक, वर्ध्याचे पाहुणे. त्यांनी प्रत्येकाकडे पाहिलं आणि प्रत्येकाने त्याच वेळी दुसरीकडे पाहिलं. वकिलांनी घड्याळ काढलं. पुंडलिकराव चटई गुंडाळू लागले. चटई अर्धी झाली तेव्हा तिच्यावर एक पाय पडला.

“मी सांगतो ना, सायेब,” जंगलू म्हणाला. तो कार्डं टांगून परत आला होता.

“याला दुर्बीण वापरता येते?” वकिलांनी विचारलं.

“हेच चालवतो,” जंगलूने पितळी नळी उचलली. सांग्याची दुर्बीण सरळच असावी असं कुठल्याच कलमात नव्हतं. वकिलांनी नियमावली दोनदा चाळली आणि ते आपल्या चटईवर गेले. त्यांची चटई पुंडलिकरावांच्या उजव्या हाताला होती, आणि त्यांचं कार्डही.

जंगलू शेजारी पालथा पडला. पुंडलिकरावांनी पहिली गोळी झाडली.

“जराशीक उजवीकडं, सायेब.”

पुंडलिकरावांनी हिशेब केला. नळी उलटी, म्हणजे जंगलूला उजवीकडे दिसते ती खरी डावीकडे. म्हणजे नेम उजवीकडे घ्यायला हवा. घेतला. धाड.

“अजून उजवीकडं गेली.”

अजून डावीकडे? त्यांनी नेम आणखी उजवीकडे घेतला. धाड.

“लय उजवीकडं, सायेब.”

पुंडलिकरावांच्या कपाळावर जानेवारीत घाम आला. पण यंत्रावर त्यांचा विश्वास होता, जंगलूवर होता, चौदा वर्षांच्या सवयीवर तर होताच. ते उजवीकडे सरकत गेले. सातवी गोळी कार्डाच्या काठाला लागली. आठवी, नववी कुठे गेली ते जंगलूलाही दिसलं नाही. दहावी झाडल्यावर त्याने नळीची काच पुसली आणि पुन्हा डोळा लावला.

“सायेब, मधोमध बसली.”

“बसली ना!”

“हो. पन वकीलसायेबाच्या कार्डावर.”

वकिलांच्या कार्डावर अकरा छिद्रं निघाली. वर्ध्याचे पंच आणि हेडमास्तर यांचा अर्धा तास खल होऊन निर्णय झाला, की कोणतं छिद्र कोणाचं हे छिद्र सांगू शकत नाही, तेव्हा सर्वांत वाईट एक सोडून बाकी दहा धरावीत. त्यामुळे वकील एका गुणाने जिंकले. कप घेऊन ते मुद्दाम पुंडलिकरावांकडे आले. “आभार मानत नाही,” ते म्हणाले. “ते छिद्र आता कायद्याने माझंच आहे.” मग फोटो निघाला. सहा जण खुर्च्यांवर बसले. मागे पांढरी चादर हवी होती. ती पुंडलिकरावांनी धरली. फोटोत त्यांची आठ बोटं आली आहेत.

मैदान रिकामं झालं. जंगलू कार्डं गोळा करून आला आणि समोर उभा राहिला.

“जंगलू, तू मला उजवीकडं सांगत होतास. नळीत तुला काय दिसत होतं?”

“डावीकडं.”

“मग?”

“उलटं दिसते ना, सायेब. मी सरळ करून सांगून राह्यलो होतो. म्हटलं, तुमाले त्रास नको.”

पुंडलिकराव म्हणाले, “आणि मी परत उलटं केलं.”

“काऊन?”

“म्हटलं, तुला कुठून माहीत असणार, नळी उलटी असते ते.”

जंगलू हसला. “तुमी जेवाले बसले का मी पाह्यत होतो ना यंत्रातून. अकरा वर्सं. तुमी आपले झाडाखाली एकटेच जेवत राह्यचे, उलटे. मले सुरुवातीले वाटे, डब्यातलं सांडन आता.”

पुंडलिकरावांनी पहिल्यांदाच त्याच्याकडे जवळून नीट पाहिलं. जंगलूच्या डाव्या भुवईवर एक जुना वण होता. “हे केव्हा लागलं?” त्यांनी विचारलं.

“लहानपनीच, सायेब. बैलानं मारलं.”

“मला कधी दिसलं नाही.”

“कसं दिसन,” जंगलू समजुतीने म्हणाला. मग कार्डं त्यांच्या हातात दिली. “जातो. घरवाली धुरपता वाट पाहून राह्यली. आज सुटी हाय म्हनून वडे केले तिनं.”

तो निघाला. पुंडलिकराव चटईवर बसले. खादीच्या पिशवीत रायफल घातली. मग करायला दुसरं काहीच नव्हतं म्हणून त्यांनी नळी डोळ्याला लावली. जंगलू कापसाच्या पळाट्यांच्या वावरातून चालला होता, डोकं खाली, पाय वर, आकाशावरून. पन्नास यार्ड. शंभर. दीडशे पावलांवर, जिथे तो रोज पट्टी घेऊन उभा राहायचा बरोबर तेवढ्या अंतरावर, तो थांबला. वळला. आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा त्याने हात केला.

पुंडलिकराव ताठ बसले. खुणांमध्ये ही खूण नव्हती. हात खालून वर येत होता, म्हणजे खरा वरून खाली. त्याचा अर्थ ‘जा’ असावा. पण जंगलूने उलटं दिसणार हे धरून आधीच उलटा हात केला असेल तर? आणि आपण सरळ करू हेही त्याने धरलं असेल तर? त्यांनी मनात दोनदा हिशेब केला, दोनदा वेगळा आला. हात हलतच होता.

मग त्यांनी नळी खाली ठेवली आणि नुसत्या डोळ्यांनी पाहिलं.

जंगलू जेवायला बोलावत होता.